दुसऱ्या रिमोटवर बाबा

नव्या व्हिडिओ गेममध्ये दम नाही, हे माझं मत अल्लीपूरच्या बाजारात बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना सांगतो त्यांतल्या निम्म्यांना गेमशी काही देणंघेणं नसतं, ते बिचारे पातेलं घ्यायला आलेले असतात. पण मी भांड्यांचा दुकानदार आहे. गिऱ्हाईक दोन पातेली हातात घेऊन विचारात पडलं की काहीतरी बोलत राहावं लागतं, आणि उन्हावर माणूस किती बोलणार? आमच्याकडचं ऊन बोलायची नाही, भोगायची गोष्ट आहे.

हे मत हवेतून आलेलं नाही. पुरावा टीव्हीखाली ठेवलेला आहे. काळा, चपटा, देखणा असा नवा गेम. मागच्या गुढीपाडव्याला मुहूर्त साधून वर्ध्याहून आणला. बायको तेव्हा म्हणाली होती, "लोकं पाडव्याले सोनं घेतात." मी म्हटलं, "सोनं काय, कपाटात पडून राह्यते." आता गेमही पडून आहे. बायको समंजस आहे, जास्त बोलत नाही. त्याच्यावरची धूळ पुसताना एवढंच म्हणते, "तुमचं सोनं पुसून राह्यली."

पण तो गेम मी स्वतःसाठी आणला नव्हता. आणला होता बाबांसाठी.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी दुकान माझ्या हाती दिलं आणि दुकानाबरोबर बोलणंही देऊन टाकलं. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे, मध्ये फक्त एक पडदा. बाबा पडद्याच्या त्या बाजूला भरपूर बोलायचे: भाव, वजन, पितळेची कल्हई, कोणाच्या घरी कोणाचं लग्न. पडद्याच्या अलीकडे आले की गप्प. त्यामुळे दुकान सुटल्यावर त्यांच्या वाट्याला फक्त अलीकडची बाजू उरली. सकाळी फिरून यायचं, पेपर वाचायचा, खुर्चीत बसायचं. काही विचारलं तर "हो", "बरं", नाहीतर "पाहू". डॉक्टरला दाखवलं, तब्येत ठणठणीत. आई म्हणायची, "त्यायले काई झालं नाई. त्यायचं बोलणं गिऱ्हाइकासाठीच होतं. मी तं लग्न झाल्यापासून पाहून राह्यली." ती हसून म्हणायची, पण मला ते झोंबायचं. मी चाळिशीला टेकलो होतो आणि बाप शेजारच्या खुर्चीत बसूनही मला भेटत नव्हता. मला तो परत हवा होता.

आणि तो कुठं सापडेल हे मला पक्कं माहीत होतं. बाबा माझ्याशी, फक्त माझ्याशी, एकाच ठिकाणी बोलले होते: टीव्हीसमोर, जुन्या गेमच्या दुसऱ्या रिमोटवर.

तो जुना गेम बाबांनीच आणला होता. मी पाचवी-सहावीत असेन. ते महिन्यातून एकदा नागपूरला, इतवारीत भांड्यांच्या खरेदीला जायचे. एका खेपेला पितळेच्या गुंडातून, म्हणजे पाणी भरायच्या मोठ्या भांड्यातून, तणसाबरोबर एक खोकाही निघाला. आत पांढरं-लाल मशीन, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. हातात धरून खेळायच्या त्या वस्तूला आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणायचे, आणि गेमच्या वडीला कॅसेट. आईनं विचारलं, "हे कायले आणलं?" बाबा म्हणाले, "राहू दे." एवढंच. काटकसरी माणूस, स्वतःला चप्पल घ्यायची तर तीनदा विचार करणारा, आणि कोणी न मागता गेम घेऊन आला. मी त्याच क्षणी ओळखलं की बाबांना गेमचा शौक आहे.

खेळायची वेळ दुपारची. उन्हाळ्यात आमच्या बाजाराची शटरं एकच्या सुमारास खाली येतात आणि चारला वर जातात. तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे. लग्नसराई ऐन त्याच दिवसांत असते, म्हणजे सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आणि आमच्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्याच्यावर नाव लागतंच. बिननावाचं पातेलं दिलं तर ते दिलं कोणी, हे पुढच्या पिढीला कोण सांगणार? त्यासाठी नाव टाकायची मशीन असते. पेनसारखी धरायची, विजेवर घूंऽऽ करत थरथरते, आणि तिचं टोक स्टीलवर बारीक अक्षरं कोरत जातं. बाबांचं अक्षर मोत्यासारखं. आसपासच्या गावांतले लोक हिंगणघाटला स्वस्त भांडं मिळत असूनही नावासाठी आमच्याकडे यायचे. सकाळभर ती मशीन बाबांच्या हातात थरथरायची. एक वाजता शटर खाली, जेवण, आणि मग बाबा कूलरसमोर चटईवर बसून म्हणायचे, "लाव."

मी लावायचो. आई आत झोपलेली असायची, म्हणून आवाज बंद. बाहेर कुत्रंसुद्धा हिंडत नसायचं. आमचा लाडका गेम रणगाड्यांचा. पडद्यावर खाली विटांच्या छोट्या कोटात एक पक्षी बसलेला, वरून शत्रूचे रणगाडे येणार, पक्षी वाचवायचा. पहिला रिमोट माझा. गेम सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण त्याच्यावरच असायचं. दुसऱ्या रिमोटवर ते नव्हतंच. दुसऱ्या रिमोटवाल्याला थांबायचं असेल तर पहिल्याला सांगावं लागायचं. बाबांनी कधीच सांगितलं नाही.

आमची जोडी जमलेली होती. मी वर चढून मारत सुटायचो, बाबा खाली पक्ष्यापाशी उभे. जागचे हलायचे नाहीत. रणगाडा जवळ आला की ठो. मी म्हणायचो, "बाबा, तुमीबी या ना समोर." ते म्हणायचे, "तू जा समोर. मी हावो इथं." मध्ये बराच वेळ शांतता, मग एकदम, "डावीकडून येऊन राह्यला, सांभाळ." मी हरलो की, "होते असं. अजून लाव." ही वाक्यं काही फार मोठी नाहीत, मला मान्य आहे. पण शाळेत मार्क किती पडले एवढंच विचारणाऱ्या बापाकडून आलेली "सांभाळ" आणि "होते" ही वाक्यं मी आजही जशीच्या तशी ऐकू शकतो. त्यांच्या त्या पक्ष्यापाशी उभं राहण्यावर मी मोठेपणी मित्रांसमोर व्याख्यानं दिली आहेत. दुकानदाराचा खेळ असा असतो, म्हणून सांगायचो: धाडस पोराला करू द्यावं, आपण गल्ला सोडू नये.

अडचणी होत्याच. कूलर आणि टीव्ही एकत्र चालले की व्होल्टेज उतरायचं आणि चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं. रणगाडे मग चपट्या डब्यांसारखे दिसायचे. कूलर बंद केला तर चित्र रुंद व्हायचं आणि आम्ही घामानं निथळायचो. बाबा म्हणायचे, "राहू दे चपटं."

एकदा तर गेम मेलाच होता. आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते: तराजू, वजनं, कातऱ्या, नाव टाकायची मशीन, स्कूटर. त्या वर्षी आईला वाटलं की गेमही मशीनच आहे, तो काऊन उपाशी राहावा? तिनं त्याला तराजूशेजारी पाटावर बसवलं, मनोभावे हळदीकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. सगळं थेट कॅसेटच्या फटीत. दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली तर पडद्यावर नुसत्या रेघा. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "देवाचं कुंकू हाये, त्यानं काई बिघडत नाई." बाबांनी चार स्क्रू काढले, जुन्या टूथब्रशनं एकेक दाणा बाहेर काढला, फट पुसली, परत बसवली. गेम चालू झाला. त्यानंतर कॅसेट जरा तिरपी लावावी लागायची आणि तिच्या दातांना लालसर रंग लागायचा, पण चालला. पुढच्या खंडेनवमीला आईनं त्याला लांबूनच फूल दाखवलं.

असे चार-पाच उन्हाळे गेले. मग मी शिकायला वर्ध्याला गेलो, घरी नवा टीव्ही आला, त्याला ती जुनी वायर बसेना, आणि गेम कुठल्यातरी पोत्यातून कुठंतरी गेला. वर्ध्याजवळच्या सावंगीला मेडिकलची पोरं राहायची त्या बाजूला माझी खोली होती. तिथं एकाच्या कॉम्प्युटरवर आम्ही पुष्कळ खेळलो. नंतर मोबाईलवर खेळलो. प्रत्येक वेळी पहिले चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी माझं मन उडायचं. मला वाटायचं, गेम वाईट आहे. दुसरा घेऊन पाहू. दुसऱ्याचंही तेच. शेवटी ठरवलं की अर्धवट काही नको, सगळ्यात चांगला गेम घ्यायचा, दोन रिमोट घ्यायचे, बाबांना बसवायचं आणि पुन्हा जोडी जमवायची. म्हणून पाडवा.

मुहूर्तावर आणला खरा, पण पाडव्याला खेळायला मिळाला नाही. आधी त्यानं इंटरनेट मागितलं. मग खातं उघडा म्हणाला. मग स्वतःच्या काय दुरुस्त्या करत बसला, की अल्लीपूरच्या नेटवर संध्याकाळ झाली तरी संपेना. मी नवं भांडं विकतो तेव्हा गिऱ्हाइकाला सांगतो का, की आधी घरी नेऊन याची दुरुस्ती होऊ द्या, मग वरण शिजवा?

चालू झाल्यावर चित्र पाहून मात्र तोंडात बोट गेलं. खोटं कशाला बोलू? पाणी खरं, घोडा खरा, घोड्याच्या मानेवरचे केससुद्धा वाऱ्यानं हलतात. पण खेळ कुठं आहे ते सापडेना. आधी सिनेमा पाहा, मग एवढ्या मोठ्या मैदानातून चालत जा, मग एक माणूस भेटेल, तो दुसऱ्या माणसाकडे पाठवेल. चालायचंच असेल तर मी हिंगणघाट रोडनं चालीन, निदान पचन तरी होईल. वर रोज हजेरी लावली तर बक्षीस, नाही लावली तर बक्षीस बुडालं. गिऱ्हाईक कसं बांधून ठेवायचं हे दुकानदाराच्या पोराला शिकवून राह्यले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, शेजारी बसून दोघांनी खेळायचे गेम शोधूनच काढावे लागतात. बाकीच्यांत म्हणे तुमचा जोडीदार त्याच्या घरी, त्याच्या मशीनवर. मी दुसरा रिमोट विकत घेतला होता आणि बहुतेक गेमना तो लागतच नव्हता.

शेवटी शोधून शोधून एक मिळाला, दोघांनी मिळून खेळायचा. मे महिन्यातली दुपार होती. शटर खाली ओढलं, जेवणं झाली, आई आणि बायको आत गेल्या. मी कूलरमध्ये पाणी भरलं, बाबांना खुर्चीतून उठवून टीव्हीसमोर आणलं आणि त्यांच्या हातात रिमोट दिला. माझ्या छातीत धडधडत होतं. लग्नात हार घालतानाही एवढं धडधडलं नसेल.

बाबांनी रिमोट उलटसुलट करून पाहिला. एवढी बटणं, दोन दांड्या. मी समजावून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. गेम सुरू झाला. बाबांचा माणूस भिंतीकडे तोंड करून गोल गोल फिरायला लागला. मी म्हटलं, "उजव्या हाताच्या दांडीनं पाहा, डाव्या हाताच्या दांडीनं चाला." ते म्हणाले, "पाह्याले अन चालाले वेगळं?" मग त्यांच्या माणसाला कुठूनतरी मार बसला आणि हातातला रिमोट थरथरला. नवे रिमोट तसे थरथरतात. त्याची घूंऽऽ ऐकून बाबांनी तो पटकन मांडीवर टाकला आणि हात झटकला.

"नाव टाकाच्या मशीनीसारखं हाये हे," ते म्हणाले.

"बंद होते ते. मी बंद करतो थरथर."

"राहू दे." त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळली. "या बोटायले तसंबी काई समजत नाई. मशीनीनं गेले हे हात. बटण दाबलं का नाई, पाहून समजते."

मला हे माहीत नव्हतं. रोज त्यांच्यासोबत जेवणाऱ्या मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कधीपासून?"

"लय वर्षं झाले. तू लहान होता तवापासून सुरू झालं."

"मंग आपण तो रणगाड्यांचा गेम खेळत होतो तेव्हा?"

"तेव्हाबी होतंच. सकाळभर मशीन चालवली का दुपारी हात बधिर राहे."

मी म्हटलं, "पण तुम्ही तं मस्त खेळत होते. तुम्हाले शौक होता म्हणून तं तुम्ही तो गेम आणला."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. आमच्या घरात इतका वेळ कोणी कोणाकडे पाहत नाही.

"मले कुठं गेमचा शौक होता? तू भर उन्हात नदीवर जात होता. दोनदा ऊन लागलं तुले. आई ओरडे तरी आयकत नव्हता. मंग म्हटलं, आणा काहीतरी, पोरगं घरात तं राहीन. अन एकटा बसला तं उठून जाशील, म्हणून मी बसलो."

मला हसू आलं, कारण माझा विश्वास बसला नाही. मी वकिली करायला लागलो. म्हटलं, "असं कसं? तुम्ही पक्ष्यापाशी कसे उभे राहत होते. जागचे हलत नव्हते. त्याले डोकं लागते."

"डोकं कायचं," बाबा म्हणाले. "माहा डोया लागे. बसल्या बसल्या. अंगठा तेवढा चालू ठेवो. तू ओरडला का जागा होवो."

पडद्यावर आमची दोन्ही माणसं केव्हाची मरून पडली होती आणि गेम पुन्हा खेळता का म्हणून विचारत होता. मी विचारलं, "मंग तुम्हाले शौक होता तरी कायचा?"

बाबांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "झोपेचा. उन्हाळ्यातल्या दुपारच्या झोपेचा लय शौक होता मले."

लग्नसराईत सकाळभर उभं राहणाऱ्या, बधिर हातांच्या माणसाला दिवसात एकच सुख होतं, आणि ते त्यानं चार-पाच उन्हाळे मला देऊन टाकलं. त्याच्या डुलक्यांना मी रणनीती समजत होतो. आणि त्याच वेळी हेही लख्ख कळलं की कॉम्प्युटर, मोबाईल, हा काळा चपटा गेम, कशातच माझं मन का टिकलं नाही. गेम इतके वाईट नव्हते. माझ्या शेजारी जागा राहायची धडपड करणारं कोणी नव्हतं.

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, "आज झोपा तुम्ही. मी चारले शटर उघडतो."

"आता नाई येत दुपारची झोप. वय झालं. तुले येते का?"

"येते," मी म्हटलं. खरंच येत होती. त्या आठवड्यात लग्नांची रांग लागली होती आणि मी रोज सकाळी उठल्यापासून उभाच होतो.

"मंग झोप. मी हावो इथं."

चाळिशीच्या माणसाला बापानं चटईवर झोपायला सांगितलं आणि तो झोपला. कूलरचा वारा येत होता. बाबा खुर्ची ओढून माझ्या उशापाशी बसले एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि पडद्याखालून उजेड येत होता. शटर वर गेलं होतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा पडद्याच्या पलीकडून बाबांचा आवाज येत होता. एक बाई पातेलं महाग आहे म्हणत होती. बाबा तिला तळ वाजवून दाखवत होते, जाडी समजावून सांगत होते, कोणाच्या घरचं लग्न, मुलगी कुठं दिली, सगळं विचारत होते. तिच्याशी ते दहा मिनिटांत जेवढं बोलले तेवढं माझ्याशी वर्षात बोलले नसतील. मला राग आला नाही. मी चूळ भरून पडद्याशी उभा राहिलो आणि ऐकत राहिलो.

बाबांनी मान वळवून पाहिलं. "उठला का? ये. नाव टाकाचं हाये याच्यावर. मी धरतो, तू टाक."

मी म्हटलं, "तुम्ही नका धरू. मशीन थरथरते, हाताले त्रास होईन."

"हाताले काई समजतच नाई," बाबा म्हणाले, "म्हणून तं मी धरतो."

त्यांनी पातेलं पोटाशी घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि मी मशीन चालू केली.